पोळ्याची कर आणि फ्रेंच कालवण

दिवाळी अंकात प्रवासलेख लिहायचा म्हणजे माणसाने काश्मीरला, निदान कन्याकुमारीला तरी जाऊन आलेले असावे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आमचा प्रवास यवतमाळपर्यंतच झाला. तोही हवापालटासाठी नव्हे की देवदर्शनासाठी नव्हे. मावशीने पोळ्याला बोलावले म्हणून. पण या खेपेला आमच्या सामानात एक फ्रेंच पदार्थ होता. म्हणजे त्याची कृती, त्याचा सुका पाला आणि तो करून दाखवीनच असा आमच्या कन्येचा हट्ट. त्या पदार्थापायी माझे आजोळ मला जरा निराळ्या बाजूने पाहायला मिळाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या दोन वर्षे फ्रान्समध्ये दिजों या गावी शिकायला होती. दिजों मोहरीच्या चटणीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते बर्गंडी प्रांताचे जुने मुख्य ठाणे. गावाच्या दक्षिणेला टेकड्यांच्या उतारावर कोसच्या कोस द्राक्षांचे मळे आहेत आणि जगातल्या अतिशय महाग तांबड्या वाइन तिथे होतात. तिच्या घरमालकीणबाई रविवारी एक कालवण रटरटत ठेवीत, त्याचे नाव ‘बफ बुर्गिन्यों’. ‘बफ’ म्हणजे बैल. बर्गंडीच्या पद्धतीने शिजवलेला बैल! वाचकांपैकी काहींच्या कपाळाला या वाक्याने आठी पडली असेल. माझ्याही पडली होती. कन्येने फोनवर ‘मी खाल्लं, बाबा’ असे सरळ सांगून टाकले तेव्हा घरात दोन दिवस त्या विषयावर कुणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनीच फोन लावून विचारले, “त्यात कांदा किती घालतात गं?”

पदार्थ म्हटला तर साधा आहे. मांसाच्या मोठ्या फोडी चरबीत चांगल्या तांबूस परतायच्या, कांदा-गाजर परतायचे, वर पिठाची चिमूट भुरभुरायची आणि जवळजवळ बाटलीभर तांबडी वाइन ओतून तीन तास मंद आचेवर ठेवायचे. शेवटी लहान कांदे आणि अळंबी निराळी परतून वर घालायची. १९०३ साली एस्कॉफिये या थोर फ्रेंच आचाऱ्याने आपल्या ग्रंथात त्याला जागा दिली. पुढे जूलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंनी दोन मैत्रिणींबरोबर लिहिलेल्या १९६१ च्या पुस्तकातून तो अमेरिकेतल्या गृहिणींच्या हाती दिला, आणि १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांची पाककृतींची मालिका सुरू झाली तिचा पहिलाच भाग या कालवणाचा होता. गंमत अशी, की या पदार्थाला कोवळे मांस चालतच नाही. मानेचे, खांद्याचे, जिथे जनावराने कष्ट केले असतील तिथले चिवट मांस हवे. त्यातले तंतू सावकाश विरघळतात आणि रश्शाला अंग येते. कोवळे मांस त्याच वेळात चोथा होऊन बसते.

बैलाचा प्रश्न आमच्यापुढे नव्हताच. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला अभय होते. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. आणि कायदा नसता तरी पोळ्याला मावशीच्या दारात ते नाव कोण काढणार? बोकडावर भागवायचे हे कन्येनेच ठरवून टाकले होते. राहिली वाइन. तिचा विचार मात्र आम्ही कुणी पुरेसा केला नव्हता.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर यवतमाळ नाही. वर्ध्याला, धामणगावला नाहीतर बडनेऱ्याला उतरून एस. टी. धरावी लागते. आम्ही पहाटे धामणगावला उतरलो आणि बाभुळगावच्या वाटेने निघालो. एके काळी यवतमाळला स्वतःची गाडी होती. मुर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांना पोचवण्यासाठी एका गोऱ्या कंपनीने ती घातली होती. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि लहानपणी तिच्या खिडकीत बसून डोळ्यांत गेलेले कोळशाचे कण आईने पदराच्या टोकाने काढल्याचे मला आठवते. आता ती धावत नाही. वर्ध्याहून मोठी लाइन टाकण्याचे काम चालू आहे. तिचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ साली सुरू झाला.

या दिवसांत हा मुलूख पाहावा. काळी जमीन पावसाने फुगून आलेली, पऱ्हाटी कमरेला लागलेली, मध्ये मध्ये तुरीच्या ओळी, आणि लांबवर सागाच्या टेकड्या. ‘पांढरे सोने’ म्हणून या जिल्ह्याच्या कापसाचे कौतुक होते. सोने पिकवणाऱ्यांच्या घरी ते किती राहते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

यवतमाळ शहर टुमदार आहे. लोकनायक बापूजी अणे या जिल्ह्यातल्या वणीचे, वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. १९७३ साली आणि पुन्हा २०१९ साली इथे साहित्य संमेलने भरली. हे सगळे मी उत्साहाने कन्येला सांगत होतो. तिचे लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे होते. “बाबा, वाइन शॉप!” ती म्हणाली.

वाइन शॉप या पाटीखाली काय काय मिळते याची मोजदाद करण्याचे कारण नाही. वाइन तेवढी नव्हती. दुकानदाराला प्रथम आमची मागणीच कळेना. “लाल म्हणजे रम का?” त्याने विचारले. दुसऱ्या दुकानात पोऱ्याने शिडी लावून अगदी वरच्या फळीवरून एक बाटली काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, “हे इकडं कोनी पेत नाही, साहेब.” नाशिककडची होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नाशिकच्या द्राक्षांनी हा नवा धंदा उभा केला आहे, हे खरे. पण त्याचा पत्ता यवतमाळच्या वरच्या फळीपलीकडे फारसा गेलेला दिसला नाही. परवान्याचे सोपस्कार झाले, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली गेली, आणि तेव्हा कुठे माझ्या मनात पाल चुकचुकली.

यवतमाळच्या पूर्वेला वर्धा नदी वाहते. ती ओलांडली की वर्धा जिल्हा. सेवाग्रामचा जिल्हा म्हणून तिथे कितीतरी वर्षे दारूबंदी आहे. अलीकडचा काठ ओला. आपल्याही जिल्ह्यात बंदी व्हावी म्हणून यवतमाळच्या बायाबापड्यांनी मोर्चे काढलेले आहेत, आणि माझी मावशी त्यातल्या एका मोर्च्यात कलेक्टर कचेरीपर्यंत पायी चालली आहे. वय वर्षे त्र्याहत्तर तेव्हा. का चालली, तेही मला ठाऊक होते. तरी मी बाटली घेतली. मुलीच्या हट्टापुढे बापाची बुद्धी किती चालते हे ज्यांना मुली आहेत त्यांनी समजून घ्यावे.

मावशीचे गाव कळंबच्या अलीकडे. कळंबचा चिंतामणी प्रसिद्ध आहे. जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून त्याच्या दर्शनाला जावे लागते. गावात शिरलो तेव्हा उन्हे कलली होती. मावशी ओट्यावर बसली होती. पाया पडलो. तिने कन्येच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली आणि लगेच विचारले, “पिशवीत काय वाजून राह्यलं?”

कन्या खोटे बोलायला शिकलेली नाही. “वाइन आहे, आजी. भाजीत घालायला.”

मावशी काही बोलली नाही. उठली, आत गेली. धाकटा मावसभाऊ माझ्याकडे आणि मी जमिनीकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि गड्याला म्हणाली, “ते पिशवी गोठ्यात ठेव. घरात नको आनू.”

तिचा थोरला मुलगा, माझा मावसभाऊ, दोन वर्षांच्या नापिकीनंतर बाटलीला लागला आणि २००९ साली गेला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मला पोहायला त्याने शिकवले. शेवटी शेवटी तो गंजीत, पिठाच्या कोठीत, देवघरामागे बाटल्या लपवीत असे आणि विचारले की आईच्या गळ्याची शपथ घेऊन नाही म्हणत असे. मी एवढेच लिहितो. त्या वर्षापासून त्या उंबऱ्याच्या आत थेंब आलेला नव्हता.

कन्येला हे ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेच नव्हते. रात्री मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग नको करायला, बाबा. पण तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदेमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्याला द्यावे तसे, अदबीने. मावशीकडे आता एकच जोडी आहे, ढवळ्या आणि चांद्या. दोघेही पांढरे, वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ जातीचे. बाकीची कामे ट्रॅक्टर करतो. गावात पूर्वी चाळीस जोड्या तोरणाखाली उभ्या राहत, यंदा मी अकरा मोजल्या. पण थाट कमी नव्हता. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, आणि झडत्या म्हणणाऱ्यांचे आवाज एकावर एक. तोरण तुटले, बैल घरोघर गेले, बायांनी पाय धुऊन ओवाळले आणि पुरणपोळ्या चारल्या. आमच्या कन्येने ढवळ्याला किती चारल्या ते तिलाच ठाऊक. मावशी ‘पुरे, पुरे’ म्हणत होती.

रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाजेवर बसून कन्या आजीला फोनमधली चित्रे दाखवू लागली. त्यात एक जुने छायाचित्र होते, बर्गंडीतल्या शारोले जातीच्या बैलांचे. पांढरेशुभ्र, भरदार. मावशीने चष्मा लावला.

“हे तर आपल्या ढवळ्यावानी हाय.” मग तिने फोन जवळ धरला. “पन याले वशिंड नाही व! मंग जू कुठं टेकवत असतीन?”

हा प्रश्न दिजोंमध्ये दोन वर्षे राहून कन्येला कधी पडला नव्हता, आणि मला तर जन्मात पडला नसता. तिने चित्र मोठे करून पाहिले. जू बैलांच्या डोक्यामागे होते आणि पट्ट्यांनी शिंगांना आवळून बांधलेले होते.

“म्हंजे डोक्यानं ओढत,” मावशी म्हणाली. “मान किती दुखत असन. अन् म्हातारा झाला की?”

कन्या गप्प झाली. मग म्हणाली, “तो खात, आजी. मी सांगत होते ना, ती भाजी. ती त्याचीच.”

मी श्वास रोखला. मावशीने फोन परत दिला. “आमच्या ढवळ्याच्या आधीचा होता ना, तुया आज्यानं त्याले इकला नाही. अकरा वर्सं राबला. मंग तीन वर्सं बसून खाल्लं, अन् बांधावरच्या निंबाखाली पुरला. पन आमच्या घरी कडबा होता म्हनून. ज्याच्या घरी नाही त्यानं काय कराव? पयले बाजारात नेऊन इकत, पोरीचं लग्न तरी होये. आता म्हातारा बैल कोनी घेत नाही. रातच्याला सोडून देतात लोकं. दुसऱ्याच्या पऱ्हाटीत घुसते मंग, अन् मार खाते.” जरा थांबून ती म्हणाली, “म्हाताऱ्या बैलाचं काय करावं हे कोनालेच उमगलं नाही, पोरी. तिकडंबी अन् इकडंबी.”

कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध मी पुष्कळ वाचले आहे. कुणी मला कडब्याचा हिशोब सांगितला नव्हता.

मग तिने अचानक विचारले, “त्या बाटलीतलं शिजून उडून जाते म्हनतात. खरं हाय का?”

इथे होय म्हणणे किती सोपे होते! आमच्या सौभाग्यवतींनी कन्येला डोळ्यांनी खूणही केली. पण कन्या म्हणाली, “सगळं नाही जात, आजी. अमेरिकेत लोकांनी मोजून पाहिलंय. अडीच तास शिजवलं तरी शंभरातले पाच भाग राहतात.”

“म्हंजे राह्यतेच.”

“राहतं.”

मावशी बराच वेळ गोठ्याच्या दिशेने पाहत होती. “खोटं नाही बोलली, बरं केलं,” ती म्हणाली. “तो बोले.” आणि मग एकदम कामाच्या आवाजात, “उद्या कर हाय. कर तू तुयं. पन घरात नाही, गोठ्यापाशी चूल मांड. माह्या चार फोडी आधी काढून ठेव. अन् ते बाटली सारी गंजात उलटी कराची. पेल्यात थेंब नाही पाहिजे.”

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण अमावास्येला पोळा होतो, श्रावणभर पाळलेले व्रत सुटते आणि करीला सारे विदर्भ मटणावर तुटून पडते. लहान मुले त्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरवतात. मोठी माणसे पत्ते कुटतात. उजाडायच्या आत खाटकाच्या दुकानापुढे ही रांग. आमचा नंबर लागल्यावर कन्येने म्हाताऱ्या बोकडाचे, मानेचे आणि खांद्याचे दीड किलो मागितले. खाटीक सुरी थांबवून पाहू लागला. “ताई, इथं सकाळपासून जो तो कोवळं द्या म्हणून भांडून राह्यला,” तो म्हणाला. मागणी त्याने आनंदाने पुरी केली, आणि पैसेही थोडे कमी घेतले.

दुपारी गोठ्याच्या पडवीला तीन दगडांची चूल मांडली. इथली रोजची चूल पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर चालते. त्यांचा जाळ धडाडून उठतो आणि तसाच बसतो. फोडी परतायला असाच जाळ हवा होता. कन्येने मांस जुन्या धोतराच्या फडक्याने टिपून कोरडे केले. ओले मांस तांबूस होत नाही, आपल्याच पाण्यात उकडत बसते, हे तिच्या घरमालकीणबाईंचे पहिले वाक्य म्हणे. डुकराची चरबी तिथे घालतात, तिला फाटा दिला. करडईच्या तेलात काम भागले. वहिनींनी जाड बुडाचा पितळी गंज दिला होता, ताज्या कल्हईचा. मावशीच्या चार फोडी काढून तिच्या स्वाधीन केल्या. तिने त्या आतल्या चुलीवर अंबाडीच्या पानांबरोबर टाकल्या.

मग कन्येने छोटीशी बाटली उघडली. ताँ नावाचा पाला, इंग्रजीत ज्याला थाइम म्हणतात तो. मावशीने चिमूट घेऊन नाकाशी धरली आणि म्हणाली, “हा तर ओवा!” कन्या म्हणाली, नाही, हे झुडूप निराळे. पुढे ग्रंथ पाहिल्यावर कळले, की झाडे निराळी असली तरी दोहोंतले सुगंधी द्रव्य एकच आहे, थायमॉल. आजीचे नाक बरोबर होते. तमालपत्राच्या बाबतीत उलटे आहे. नाव आपण एकच घेतो, पण त्यांचे पान एका झाडाचे आणि आपले अगदीच दुसऱ्या.

साडेचारला बाटली उघडली. बुचाशी आमच्यापैकी कुणाची ओळख नव्हती. गड्याने ते विळ्याच्या टोकाने काढले. मावशी समोर बाजेवर बसून होती. पदर नाकाला लावलेला, डोळे बाटलीवर. तापलेल्या गंजात वाइन पडली तेव्हा तांबडा फेस उसळला आणि आंबूस, गोडसर, द्राक्षांच्या खळ्यासारखा वास साऱ्या अंगणभर पसरला. चांद्याने मान वळवून पाहिले. कन्येने बाटली उलटी धरून दोनदा झटकली आणि आजीला दाखवली. मावशीने मान हलवली. मग पऱ्हाट्या ओढून काढल्या, खाली गोवऱ्यांची राख धरलेली मंद आच केली आणि गंजावर जड झाकण ठेवले.

आणि साधारण साडेपाचला गडी म्हणाला, “मावशे, ढवळ्या पोट मारून राह्यला.”

ढवळ्या उठत होता, बसत होता, मागच्या पायाने पोटावर लाथा मारीत होता. त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. पोळ्याच्या पुरणपोळ्या! गोडधोड, डाळ-कणीक एकदम पोटात गेली की बैलाचे पोट गॅस धरते. तो बाहेर पडला नाही तर श्वास कोंडून जनावर काही तासांत जाते. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते तीन गावे पलीकडे दुसऱ्या अशाच बैलापाशी होते. कन्येचे तोंड पांढरे पडले. आदल्या दिवशीची ‘पुरे, पुरे’ तिला आता ऐकू येत असावी.

मावशी बाजेवरून उठली तेव्हा ती ऐंशीच्या घरातली बाई वाटली नाही. निंबाची हातभर काडी तोडून तिने गड्याकडून ढवळ्याच्या तोंडात लगामासारखी आडवी बांधून घेतली. बैल ती चघळत राहतो, लाळ सुटते, ढेकर यायला मदत होते. पुढचे पाय उंचावर यावेत म्हणून त्याला ओट्याच्या चढावर उभा केला. “गोडं तेल आन,” ती वहिनींना म्हणाली. “अन् पाजाची नळी?” बांबूची नळी, जी वर्षानुवर्षे आढ्याला खोचलेली असे, ती उन्हाळ्यात चिरली होती. घरातल्या साऱ्या बाटल्या आजकालच्या, प्लास्टिकच्या. दाबल्या की चेपणाऱ्या. मावशीने इकडे तिकडे पाहिले. मग स्वतः चुलीपाशी गेली आणि ती बाटली उचलली.

लांब मान, जाड काच. तिने ती विसळली नाही. अर्धा लिटर तेल भरले, गड्याने ढवळ्याचे डोके धरले. फार वर नाही, नाहीतर तेल फुफ्फुसात जाते. आणि काच दाढांखाली येऊ नये म्हणून बाटली गालाच्या कडेने. मावशी घोट घोट सोडत होती आणि त्याच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आले नाही. एक नाव तेवढे ऐकू आले, आणि ते ढवळ्याचे नव्हते.

त्यानंतर दोन-अडीच तास आम्ही आळीपाळीने डावी कूस चोळली आणि त्याला अंगणात फिरवले. चुलीकडे कुणी पाहिले नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास ढवळ्याने एक प्रचंड ढेकर दिली. गडी एवढ्या मोठ्याने हसला की शेजारची माणसे आली. पुन्हा एक ढेकर, पुन्हा एक, आणि कूस हाताला मऊ लागू लागली. डॉक्टर दहाला आले, तपासले, एक इंजेक्शन दिले आणि म्हणाले, आज सहावा. मग त्यांनी हवेत नाक वर केले. “कशाचा वास हा?”

गंजाचे झाकण काढले तर रस्सा निम्मा आटला होता, जवळजवळ काळा दिसत होता आणि चमच्याला चिकटून राहत होता. तीन तासांचे पाच झाले होते. फोड बोटाने दाबली की सुटत होती. लहान कांदे आणि अळंबी परतायचे त्राण कन्येत नव्हते. वहिनींनी ते चटकन उरकून दिले. ज्वारीच्या भाकरी थापल्या गेल्या. अंगणात पाने मांडली, डॉक्टरांसह.

खरे सांगायचे तर मला पहिल्या घासाला त्यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले. तिखट नाही, मसाला नाही. वऱ्हाडी रश्शाने कानाच्या पाळ्या तापायची सवय असलेल्या जिभेला ते कालवण अबोल वाटते. तिसऱ्या-चौथ्या घासाला ते बोलू लागते. आंबट, किंचित गोड, मागून कडवट, आणि त्यात मांसाची स्वतःची चव, जी आपण मिरचीखाली फारशी ऐकतच नाही. गड्याने एक घास खाल्ला, ‘गोड लागते’ म्हणाला, ठेच्याचा गोळा मिसळला आणि मग आवडीने दोनदा वाढून घेतले. गाजर मात्र त्याने काढून पानाच्या कडेला ठेवले.

मावशीने ते चाखले नाही. तिने तिच्या चार फोडी अंबाडीच्या आंबट रश्शात खाल्ल्या आणि त्यातली एक माझ्या पानात टाकली. माझा निवाडा विचाराल तर ती फोड त्या रात्रीच्या जेवणातली सगळ्यांत उत्तम गोष्ट होती. कन्येलाही ते मान्य आहे. तिचे म्हणणे एवढेच, की अंबाडी जे करते तेच वाइन करते, आणि तिच्या घरमालकीणबाईंना अंबाडी मिळाली असती तर त्यांनी तीच घातली असती. उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीशी खाल्ले, तेव्हा ते आदल्या रात्रीपेक्षा कितीतरी चांगले लागले. ही खोड आपल्या मटणालाही आहे.

निघताना मी गोठ्यात डोकावलो. ढवळ्या उभा राहून रवंथ करीत होता, खांद्यावर हळदीचा पिवळा डाग तसाच. कोनाड्यात बाटली होती. कुणीतरी भिजवून तिच्यावरचा कागद काढून टाकला होता, आत जवसाचे तेल भरले होते आणि तोंडाला घरच्या कापसाचा बोळा बसवला होता.

मावशी एस. टी.पर्यंत आली. कन्येच्या हातात तिने ओव्याची पुडी ठेवली. “त्या बाईले पाठव,” ती म्हणाली. “अन् तिले विचार, शिंगाले जू बांधलं तर पावसाळ्यात पट्टा भिजून कचत नाही का?”